ड्रोन आधी की मोजणी आधी?

पलूसहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाणथळीत सांडलेल्या तेलाचे हवाई फोटोंवरून नकाशे करायचे, असं तिच्या मनात आहे. त्यासाठी दीड लाखाचा ड्रोन घेऊन द्यावा का आणि यात पोट भरतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

ड्रोन आत्ता घेऊ नका. तो उडवायला आठवडाभरात येतं. किंमत आहे ती फोटोवरून खात्रीचा आकडा काढण्याला.

तेलाचं क्षेत्रफळ काढणं त्यातल्या त्यात सोपं. 13.2 मि.मी. सेन्सर, 8.8 मि.मी. लेन्स आणि 5472 पिक्सेल रुंदीचा कॅमेरा 100 मीटरवरून एका पिक्सेलमध्ये सुमारे 2.7 सें.मी. जमीन टिपतो. फोटो एकमेकांवर 75-80 टक्के चढलेले हवेत. तरीही मोकळ्या पाण्यावर ते जुळत नाहीत, कारण सॉफ्टवेअरला धरायला स्थिर खूणच मिळत नाही. म्हणून ड्रोनच्या प्रत्येक फेरीत टिपलेल्या पट्ट्यात थोडा काठ किंवा बांध यावा. नियंत्रण खुणाही (अचूक ठिकाण माहीत असलेल्या, नकाशा जुळवायच्या खुणा) चिखलात न लावता बांधावर लावाव्यात. भर दुपारी पाणी चकाकतं आणि सगळं पांढरं दिसतं, तेव्हा उड्डाण टाळावं. नवशिके हमखास चुकतात ते प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर पद्धतीतच क्षेत्रफळ मोजलं तर सांगलीच्या अक्षांशावर ते सुमारे 9 टक्के जास्त येतं. त्याऐवजी यूटीएम या प्रोजेक्शनचा आपल्या भागाचा पट्टा, झोन 43 उत्तर, वापरावा.

खरी अडचण तेल किती लिटर आहे हे सांगण्यात. बॉन करार या युरोपीय देशांच्या समुद्र-प्रदूषणविषयक कराराच्या रंगसंहितेत (तवंगाच्या रंगावरून जाडी ठरवण्याच्या तक्त्यात) इंद्रधनुषी तवंगाची जाडी 0.3 ते 5 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली आहे. म्हणजे एका हेक्टरवर 3 लिटरही असू शकतं आणि 50 लिटरही. धातूसारखी चमक असेल तर 50 ते 500. त्यामुळे अहवालात एकच आकडा लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कमाल-किमान दोन्ही लिहावेत. शिवाय ही संहिता मोकळ्या पाण्यासाठी आहे. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजं धडकली, तेव्हा तेल कांदळवनात शिरलं होतं. पानांच्या छताखाली खोडांना चिकटलेलं असं तेल वरून दिसत नाही. तिथे चिखलात उतरून नमुने घ्यावेच लागतात. उलट, साचलेल्या पाण्यावर लोहजीवाणूंचा (पाण्यातल्या लोहावर जगणाऱ्या जीवाणूंचा) तवंग हुबेहूब तेलासारखा दिसतो. काडीने ढवळला की त्याचे तुकडे पडतात. तेल मात्र पुन्हा एकत्र येतं.

सरावासाठी कुठेही तेल ओतायचं नाही, हे मुद्दाम सांगतो. गावच्या तळ्यातली जलपर्णी मोजा, पद्धत तीच. नकाशे करायचं क्यूजीआयएस आणि ड्रोनचे फोटो जोडायचं ओपनड्रोनमॅप ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही. पुढे जिओइन्फर्मेटिक्समध्ये (संगणकावर भौगोलिक माहिती हाताळण्याच्या शास्त्रात) एम.एस्सी. करावी. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला 2022 पासून जिओमॅटिक्सचा (भूमापन आणि नकाशांच्या तंत्राचा) पेपर आहे, त्यातून पुढची वाट निघते.

फक्त तेलगळतीवर घर चालणार नाही. भारतात समुद्रातल्या तेलगळतीचं काम तटरक्षक दल पाहतं, तेल कुठे वाहत जाईल याचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती सेवा संस्था देते. तिथल्या जागा मोजक्या. पण हीच मोजणी कृष्णेच्या पुराला, नदीतल्या सांडपाण्याला आणि उसाच्या पाहणीलाही लागते, आणि रोजचं काम तिथेच मिळेल.

पैसे घेऊन ड्रोन उडवायचा झाला तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं: वय 18 पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. ड्रोनचा विचार त्यानंतर करा, तोवर भाड्याने मिळतो.