तो एजंट नक्की कुणाचा?

प्रश्न : वर्तकनगरला आईच्या नावावर वन बीएचके आहे, आई आता नाही, नॉमिनी मी आहे. तो विकून घोडबंदर रोडला टू बीएचके घ्यायचाय. चार-पाच एजंटना सांगून ठेवलं तर प्रत्येकाचा भाव वेगळा, एक ऐंशी लाख म्हणतो, एक थेट कोटीवर जातो. आता त्यातलाच एक म्हणतोय की फक्त मलाच द्या, दुसऱ्या कुणाला चावी देऊ नका. द्यावा का?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : एजंटचं नंतर बघू, आधी दुसरंच. नॉमिनी आहात म्हणजे मालक झालात असं नाही हो. वडील, भाऊ, बहीण कुणी असतील तर ते पण वारस, त्यांचं रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र तरी लागेल नाहीतर विकताना सगळ्यांच्या सह्या. हे न करता फ्लॅट बाजारात काढला तर गिऱ्हाईक येईल, त्याला आवडेल, मग त्याच्या बँकेचा वकील फाइल उघडेल आणि गाडी तिथेच अडकेल. पाच एजंटांपैकी एकाने तरी पहिल्याच भेटीत "शेअर सर्टिफिकेट (सोसायटी सभासदाला देते तो दाखला) कुणाच्या नावावर आहे?" असं विचारलं का ते आठवा. ज्याने विचारलं असेल त्याला दुसरा चहा पाजा.

आता भाव. जास्त भाव सांगणारा एजंट सगळ्यांनाच गोड वाटतो, पण आकडा बोलायला त्याचं काय जातंय? फ्लॅट हातात यावा म्हणून कोटी म्हणायचं आणि मग महिन्या-दीड महिन्याने "मार्केट डाऊन आहे काका, थोडं खाली या" सुरू करायचं, ही चाल जुनी आहे. त्यापेक्षा नोंदणी विभागाच्या म्हणजे आयजीआरच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे तुमच्या बिल्डिंगचे आणि आजूबाजूचे अलीकडचे इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढून बघा, कोणता फ्लॅट कितीला रजिस्टर झाला ते दिसतं. पोर्टलवर दिसतात त्या मालकांच्या अपेक्षा, इंडेक्स टूवर दिसतो तो झालेला व्यवहार. (थोडे पैसे वरून कॅशमध्ये फिरलेले असू शकतात हे धरून चाला, पण अंदाज येतोच.)

एकालाच द्यायचा का, तर माझं मत हो, पण लेखी आणि मुदत घालून. एकच फ्लॅट पाच जणांनी पाच भावांनी टाकला की बघणाऱ्याला वाटतं यात काहीतरी भानगड आहे, आणि सगळ्यात कमी भावाची जाहिरात तोच तुमचा भाव होऊन बसतो. दोन-तीन महिन्यांची मुदत द्या आणि एका कागदावर उतरवा की ब्रोकरेज किती टक्के, जीएसटी लागणार का, पैसे कधी (टोकनला म्हणजे बयाण्याच्या वेळी नाही, रजिस्ट्रेशनच्या दिवशी), आणि समोरच्या पार्टीकडून पण घेणार का. हा शेवटचा मुद्दा नीट विचारा. आपल्याकडे दोन्हीकडून एक-दोन टक्के घ्यायची पद्धत आहे, कायद्याने रेट ठरलेला नाही, त्यामुळे बोलून कमी होतो. पण रेटपेक्षा मोठं गणित वेगळंच आहे. तुम्ही दोन लाखांनी खाली आलात तर एक टक्क्याने त्याचे दोन हजार जातात आणि डील मात्र या आठवड्यात होतं, म्हणजे घासाघीस करताना तो तुमच्या दोन लाखांसाठी जिवाचं रान करेल ही अपेक्षाच चूक आहे. माणूस वाईट नसतो, त्याचे पैसे डील होण्यात असतात, भावात नाही. म्हणून शेवटचा आकडा त्याला कधीच सांगू नका, तो तुमच्या पोटात राहू दे.

प्रश्न : उलव्याला नवीन प्रोजेक्टमध्ये फ्लॅट बघतोय. एजंट खूप चांगला आहे, स्वतःच्या गाडीने साइट व्हिजिट करवतो, आणि ब्रोकरेज पण घेत नाही. मिस्टर म्हणतात फुकट कोण करतं, काहीतरी गडबड आहे. खरंच आहे का?
— एक वाचक, कामोठे

उत्तर : मिस्टरांचं अर्धं बरोबर. गडबड नाही, पण फुकट पण नाही, त्याला बिल्डर देतो. म्हणजे गाडी तुम्हाला फिरवतेय पण डिझेल बिल्डरचं. जो बिल्डर जास्त देतो त्याच्या साइटवर गाडी आधी जाणार, आणि वाटेत अटल सेतू, विमानतळ, सगळं कसं "पाच मिनिटांवर" आहे ते ऐकायला मिळणार. ती पाच मिनिटं ऑफिसच्या वेळेला एकदा स्वतःच्या गाडीने मोजून बघा.

त्याच्याकडे महारेराचं (रेरा कायद्याखाली बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) एजंट रजिस्ट्रेशन आहे का ते नंबर मागून साइटवर तपासा, रजिस्ट्रेशन पाच वर्षांचं असतं त्यामुळे संपलेलं नाही ना ते पण बघा. आता एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची केलीय, सर्टिफिकेट दाखवा म्हणायला लाजू नका. प्रोजेक्टचा नंबर वेगळा असतो, जाहिरातीवर क्यूआर कोड असायलाच हवा, तो स्कॅन केला की ताब्याची तारीख, मंजुऱ्या, किती फ्लॅट बुक झाले हे सगळं दिसतं. एजंट डिसेंबर म्हणत असेल आणि तिथे तारीख दोन वर्षं पुढची असेल तर तिथली खरी. आणि रजिस्टर केलेल्या ॲग्रीमेंटशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, कायद्यात तसं लिहिलंय, कुणी "ऑफर आजच संपतेय, वीस टक्के भरा" म्हटलं तरी.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. साइट ऑफिसमध्ये पहिल्यांदा गेलात की फॉर्म भरून घेतात आणि तुमचा मोबाइल नंबर त्या एजंटच्या नावावर चढतो. नंतर दुसऱ्यामार्फत किंवा डायरेक्ट गेलात तरी बऱ्याच ठिकाणी "तुम्ही आधीच त्यांच्याकडून आलात" म्हणतात. म्हणून कुणाबरोबर जायचं ते पहिल्या व्हिजिटच्या आधी ठरवा, आणि जाणारच असाल तर बिल्डरकडून मिळणाऱ्या पैशांतले थोडे मला सोडा असं सरळ म्हणा. बरेच एजंट देतात, मागितलं तर.

प्रश्न : घणसोलीला भाड्याने राहतो. अकरा महिने संपले, मालक आणि मी दोघं राजी आहोत, तरी एजंट परत एका महिन्याचं भाडं मागतोय. द्यावं लागतं का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : पहिल्या वेळी तसं ठरलं नसेल तर नाही. रिन्यूअलचं ॲग्रीमेंट ऑनलाइन रजिस्टर होतं, ते करायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. एजंटने ते काम केलं तर त्या कामाची फी द्या, महिन्याचं भाडं कशाला.

प्रश्न : नेरूळला रीसेल फ्लॅट पसंत पडलाय. एजंट म्हणतो आजच ५१ हजार कॅश टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी येतेय. मालक पुण्याला असतात, अजून भेट झालेली नाही.
— एक वाचक, सानपाडा

उत्तर : दुसरी पार्टी नेहमी उद्याच येत असते. कॅश देऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं इन्कम टॅक्स कायद्याला चालत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. टोकन मालकाच्या नावाने, चेकने किंवा बँक ट्रान्सफरने, एजंटच्या खात्यात अजिबात नाही, आणि त्याची विसार पावती (बयाणा दिल्याचा लेखी करार) करून घ्या. त्यात लोन मंजूर झालं नाही किंवा कागद क्लिअर निघाले नाहीत तर किती दिवसांत पैसे परत, हे लिहून घ्या. रीसेलच्या जुन्या फ्लॅटला रेराचा आधार नाही, तिथे ही पावतीच तुमचा आधार.

मालकाचं लोन चालू आहे का विचारा, असेल तर ओरिजिनल पेपर बँकेत असणार आणि फोरक्लोजर लेटर (लोन फेडायला किती बाकी आहे ते सांगणारं बँकेचं पत्र) लागणार. नवी मुंबईत बरीचशी जमीन सिडकोची (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), लीजवर म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेली, तेव्हा सिडकोची ट्रान्सफर एनओसी लागेल का आणि ते चार्जेस कोण भरणार हे टोकनआधी ठरू दे, नाहीतर ते शेवटी तुमच्याच गळ्यात येतात. सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायची रक्कम) २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, एजंटने "डोनेशन" म्हणून मोठा आकडा सांगितला तर पावती मिळेल का विचारा, बघा कसा कमी होतो. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर एक टक्का टीडीएस (मालकाला द्यायच्या पैशांतून आधीच कापायचा कर) कापून भरायचं काम तुमचं, मालकाचं नाही.

आणि मालकांना भेटल्याशिवाय एक रुपया नाही. पुणे काही लांब नाही, नाहीतर व्हिडिओ कॉल आहेच, शेअर सर्टिफिकेट समोर धरायला सांगा. एजंट नंबर देत नसेल, तुम्ही डायरेक्ट जाल म्हणून घाबरत असेल, तर त्याचं ब्रोकरेज आधीच लिहून द्या आणि ते द्या पण. त्याने घर दाखवलंय, ते त्याचे पैसे.