नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) करून वॉर्डात रुळलेल्या परिचारिकेने पदवीसाठी नोकरी सोडण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जीएनएमनंतरची पदवी म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग नियमित पद्धतीने 2 वर्षांचे असते, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम किमान 3 वर्षांचा आहे. इग्नूच्या प्रवेशासाठी राज्य नर्सिंग परिषदेकडील नोंदणी, सेवेचा अनुभव आणि प्रवेश परीक्षा आवश्यक असल्याने रुजू झाल्याच्या तारखेसह अनुभवाचा दाखला रुग्णालयाकडून आधीच मागून ठेवा; परीक्षेच्या अभ्यासापेक्षा हा कागद मिळवणेच काही वेळा जास्त दमवते.

घरबसल्या पदवी मिळते, हा समज मात्र काढून टाका. सिद्धान्ताचा भाग तुम्ही रात्रपाळी उतरल्यावर वाचू शकाल, पण प्रात्यक्षिकांसाठी नेमून दिलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहावेच लागते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी मेट्रनशी (रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेशी) बोलून रजा आणि पाळ्यांची अदलाबदल यांबाबत लेखी परवानगी घ्या, कारण तोंडी दिलेला शब्द वॉर्डात माणसे कमी पडली की टिकत नाही.

‘हजेरीशिवाय नर्सिंग पदवी’ अशी जाहिरात दिसल्यास शुल्क भरण्याआधी इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासा. मान्यता नसलेल्या पदवीचा नोंदणीसाठी आणि बढतीसाठी काडीचाही उपयोग होत नाही. पुढे एम.एस्सी. नर्सिंग करायचे असल्यास ते नियमित पद्धतीनेच करावे लागते, मात्र त्यासाठी लागणारा 1 वर्षाचा अनुभव पोस्ट बेसिकच्या आधीचाही चालतो.