हाँगकाँग डिस्नेलँड: कर्ज काढून यंदा, की साठवून पुढच्या दिवाळीत?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 15 हजार. गृहकर्जाचा हप्ता 34 हजार, घरखर्च आणि शाळेची फी मिळून 52 हजार, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) 15 हजार. बँकेत 2 लाख 10 हजार अडीअडचणीसाठी. पत्नीला मार्चमध्ये साधारण 70 हजार बोनस मिळतो. मोठी मुलगी साडेपाच वर्षांची, उंची 108 सेंटिमीटर. धाकटा जानेवारीत तीनचा होईल. टूर कंपनीने यंदाच्या दिवाळीसाठी हाँगकाँग आणि मकाव मिळून पाच रात्रींचे 3 लाख 90 हजार सांगितले आहेत. 'धाकट्याला तीन पूर्ण होण्याआधी जा, त्याचं तिकीट वाचेल,' असाही त्यांचा आग्रह. तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज काढावं, की वर्षभर एसआयपी थांबवावी?

माझं मत: यंदा जाऊ नका. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत, कर्ज न काढता जा.

आधी खरा खर्च बघू. 3 लाख 90 हजारांवर 5 टक्के जीएसटी धरला की 4 लाख 9 हजार 500 होतात. अशा पॅकेजमध्ये बहुधा नाश्ता आणि एखादंच जेवण असतं. बाकीची जेवणं, मुंबई विमानतळापर्यंतची गाडी, विमा, पार्कमधली खरेदी यांना किमान 60 हजार लागतात. म्हणजे आकडा 4 लाख 70 हजारांच्या घरात जातो. त्यातले तीन लाख कर्जाचे. उरलेले 1 लाख 69 हजार 500 तुमच्या 2 लाख 10 हजारांतून जाणार. कर्जाचं प्रक्रिया शुल्क 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे आणखी 7,080 गेले की खात्यात राहतात 33 हजार 420. तुमच्या घराचा एक हप्ताही त्यात बसत नाही. मला कर्जाच्या व्याजापेक्षा याची जास्त काळजी वाटते. सहलीहून आल्यावर घरात कुणी आजारी पडलं किंवा एका पगाराला उशीर झाला, तर क्रेडिट कार्डाशिवाय तुमच्यापुढे पर्याय उरणार नाही.

व्याजही थोडंथोडकं नाही. तीन लाख, 14 टक्के, 24 महिने: हप्ता सुमारे 14,400 आणि व्याज 45,700 च्या आसपास. तुमचे सगळे खर्च जाऊन महिन्याला उरतात बरोबर 14 हजार. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून ओढाताण.

आता धाकट्याच्या तिकिटाचं. तीन वर्षांखालच्या मुलाला डिस्नेलँडमध्ये प्रवेश मोफत आहे, हे खरंच. पण विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावीच लागते, त्यामुळे तिथे काही वाचत नाही. पार्कच्या दोन दिवसांचे वाचले तर 12-14 हजार वाचतील. त्यासाठी व्याज आणि शुल्क मिळून 52 हजारांवर मोजायचे, हा हिशेब जमत नाही.

शिवाय उंची. तिथल्या बिग ग्रिझली राइडला किमान 112 सेंटिमीटर लागतात, आरसी रेसरला 120. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे यंदाच्या दिवाळीत मोठी 111 च्या आसपास असेल. फाटकाशी पट्टी लावून मोजतात आणि एका सेंटिमीटरसाठीही सोडत नाहीत. पुढच्या दिवाळीत ती 116-117 ची असेल. धाकटा तोवर जवळजवळ चार वर्षांचा होईल. डायपर आणि दुपारची झोप दोन्ही सुटलेली असेल. सहा तासांच्या विमानप्रवासानंतर याचा केवढा फरक पडतो, हे लहान मुलं घेऊन फिरलेल्या कुणालाही विचारा. यंदा मुलांना खोपोलीच्या इमॅजिकात नेऊन आणा. रांगेत किती वेळ तग धरतात तेही कळेल.

एसआयपीला हात लावू नका. ती मुलीच्या शिक्षणासाठी आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. आणि सहलीचे पैसे इक्विटी फंडातही ठेवू नका. दीड वर्षात बाजार कुठे असेल याचा भरवसा नाही. उरणाऱ्या 14 हजारांची आरडी, म्हणजे बँकेतली दरमहा भरायची आवर्ती ठेव, करा. 18 महिन्यांत 2 लाख 52 हजार जमतील, साडेसहा टक्के दर मिळाला तर व्याज तेरा हजारांच्या आसपास. पुढचा बोनस मुकाट्याने आपत्कालीन निधीत टाका, तो 2 लाख 80 हजार होईल. तोही अजून कमीच आहे, पण तीन महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च तरी त्यातून भागेल. पत्नीचा त्यानंतरचा बोनस सहलीची वेळ उलटून गेल्यावरच येईल, त्यासाठी थांबू नका. हातात असतील 2 लाख 65 हजार.

एवढ्यात बसवायचं तर मकाव गाळा, रात्री चार ठेवा आणि बुकिंग स्वतः करा. माझा ढोबळ अंदाज: विमान 1 लाख 25 हजार, हॉटेल 44 हजार, पार्क एकच दिवस 30 हजार, जेवणखाण आणि मेट्रो 36 हजार, विमा आणि किरकोळ 12 हजार. झाले 2 लाख 47 हजार, आणि 18 हजार हाताशी. पार्कचं तिकीट तारखेनुसार बदलतं, शनिवार-रविवार टाळा. विमानासाठी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या-मागल्या तारखा सोडून सुट्टीचा शेवटचा आठवडा बघा. हाँगकाँग डॉलर अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की तुमची सहलही महागते. ते 18 हजार त्यासाठीच राखून ठेवा.

कागदपत्रांचा क्रम चुकवू नका. मोठीचा पासपोर्ट ती एक वर्षाची असताना काढलेला, म्हणजे पाच वर्षांची मुदत यंदाच संपते. तो नवा करा, धाकट्याचा काढा. मग भारतीय पासपोर्टधारकांसाठीची हाँगकाँगची पूर्वनोंदणी. ती त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटला 'व्हिसा चार्जेस' देऊ नका. चौघांची वेगवेगळी करावी लागते, मुलांचीही, आणि ती सहा महिनेच चालते. प्रवासाच्या चार-पाच महिने आधी करा आणि चौघांचीही मंजूर झाल्यावरच परतावा न मिळणारी तिकिटं काढा. एकाची जरी नाकारली गेली, तर त्याच्यासाठी रीतसर व्हिसा लागतो आणि त्यात आठवडे जातात.

तरीही पॅकेजच घ्यायचं ठरलं, तर बिलात टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर, वेगळा दिसेल. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे, बुकिंगच्या दिवशीचा विचारून घ्या. तो खर्च नसतो. तुमच्या पॅनवर जमा होतो. ऑफिसला त्याची माहिती ठरलेल्या फॉर्मवर दिलीत तर त्याच वर्षीच्या पगारातला टीडीएस तेवढा कमी कापला जातो, रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागत नाही.