फिरस्त्यांचे सवाल: शनिवारची रूम आणि रविवारची रूम

या वेळच्या पत्रांत बहुतेकांचं रडगाणं एकच, फिरायचंय खूप पण खिसा साथ देत नाही. म्हणून पाच पत्रं एकत्रच घेतलीत.

प्रश्न: आम्ही नाशिकचे. दोघंही नोकरीत, मुलगी नऊ वर्षांची. फिरायची प्रचंड हौस आहे पण महिन्यातून एक वीकेंड कुठे गेलो तरी पेट्रोल, टोल, हॉटेल, जेवण धरून बारा-पंधरा हजार उडतात, आणि येताना अर्धा रविवार ट्रॅफिकमध्ये. मिस्टर म्हणतात आता वर्षातून दोनदाच जायचं, बस. काही मार्ग आहे का?

उत्तर: मिस्टरांना जरा थांबवा. तुमचा खर्च फिरण्यामुळे होत नाहीये, शनिवारमुळे होतोय. शुक्रवारी रात्री अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी गाडी काढतो, मग हॉटेलवाला रेट वाढवणार नाही तर काय करणार? तीच रूम, तीच चादर, तोच न चालणारा गीझर, पण रविवारी संध्याकाळी फोन करून विचारा, वेगळाच आकडा ऐकू येईल आणि वर घासाघीस करायलाही वाव असतो कारण सकाळीच सगळं हॉटेल रिकामं झालेलं असतं. तेव्हा पहिला बदल हा करा की शनिवार घरी झोपा काढा, कपडे धुवा, रविवारी निघा, सोमवारची एक सीएल टाका आणि सोमवारी रात्री किंवा मंगळवारी पहाटेच्या गाडीने परत या. मुलीची एक दिवस शाळा बुडेल, बुडू दे.

दुसरं म्हणजे कार घरी ठेवा. नाशिकरोडहून तपोवन एक्सप्रेसने सकाळी निघालात की दुपारपर्यंत छत्रपती संभाजीनगर, सेकंड सीटिंगचं तिकीट आणि तुमचा एका बाजूचा टोल शेजारी शेजारी ठेवून बघा. रविवारी दुपारी बीबी का मकबरा, सोमवारी वेरूळ. इथे एक लक्षात ठेवा, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, हे न बघता आलेली माणसं गेटवर वॉचमनशी हुज्जत घालताना कायम दिसतात. वेरूळला एसटी जाते, तीस किलोमीटरच्या आसपास अंतर. वेरूळ-अजिंठ्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५, मकबरा आणि दौलताबादला २५, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. म्हणजे तिघांचं मिळून अख्खं वेरूळ एका कॉफीच्या पैशात होतं.

आणि घाई करू नका हो. चौतीस लेणी आहेत, पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, शेवटची पाच जैन, सगळी एका दिवसात उरकायला गेलात तर मुलगी दहाव्या लेण्यापाशी बसून घेईल आणि तिचं बरोबरच असेल. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत म्हणून ऊन दुपारनंतर आत शिरतं, तेव्हा सकाळी जैन लेणी, मग जेवण, आणि अख्ख्या कातळात कोरलेलं कैलास मंदिर दुपारी. आधी आत न जाता बाजूच्या डोंगरावरून वर चढा आणि कड्यावरून खाली बघा. कळस तुमच्या पायाखाली असतो आणि हे सगळं वरून खाली कोरत आणलंय ते तिथे उभं राहिल्यावर समजतं, पोरांना तर लगेच समजतं. मग वेळ उरला तर घृष्णेश्वर आणि मालोजीराजांची गढी, दोन्ही चालत जाण्यासारखी.

आणि अजिंठा, दौलताबाद, खुलताबाद? ते राहू दे ना, पुढच्या खेपेला. एका खेपेत सगळं कोंबायचं म्हटलं की गाडी करावी लागते, आणि गाडी केली की बजेट गेलं. दर महिन्याला मुक्काम करायची पण गरज नाही, दोन महिन्यांतून एकदा मुक्कामी जा आणि मधल्या महिन्यात डबा बांधून एसटीने सकाळी जाऊन रात्री परत, नाशिकच्या आजूबाजूला त्याला तोटा नाही.

प्रश्न: मी पुण्याची, वय ६७, निवृत्त शिक्षिका. पेन्शन बेताचं आहे. मैत्रिणी "आता कुठे फिरतेस" म्हणतात. एकटीने, स्वस्तात आणि सुरक्षित फिरायचं तर कसं?

उत्तर: बाई, मैत्रिणींचं ऐकू नका, खरं सांगायचं तर सगळ्यात स्वस्त तिकीट तुमच्याच हातात आहे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी झाली की ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही, पुरुष असो की बाई. दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणजे बेळगावच्या गाडीत बसलात तर सीमेपलीकडचं पूर्ण द्यावं लागतं. आणि कर्नाटकात बायकांना बस फुकट असं कोणी सांगितलं तर ते तिकडच्या रहिवाशांसाठी आहे, आपलं आधार कार्ड बघून कंडक्टर पैसे घेणारच.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला बंद झाली ती झालीच, पण लोअर बर्थचा कोटा मात्र आहे. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना तो मिळतो, एकट्या किंवा दोघींचं तिकीट असेल तर. चौघी-पाचजणींचं तिकीट एकत्र काढलं की कोटा जातो आणि मग गुडघे धरून मिडल बर्थवर चढायचं, त्यामुळे ग्रुप असला तरी तिकीट दोघीदोघींचं काढा.

राहायला भक्तनिवास. शेगावचं तर तुम्हाला मी काय सांगणार, तिथली स्वच्छता बघून लोक घरी येऊन बाथरूम घासायला लागतात. गणपतीपुळे, अक्कलकोट, पंढरपूर, सगळीकडे अशी सोय आहे, गेटवर माणूस असतो, जेवण साधं आणि वेळेवर, एकट्या बाईकडे कोणी वळून बघत नाही. फक्त गुरुवार, एकादशी, संकष्टी, प्रकटदिन असले दिवस टाळा, कॅलेंडर भिंतीवर असतंच. देवळात बसायचं नसेल तरी चालतं बरं का, भक्तनिवासात राहून गाव बघणारे माझ्यासारखे नास्तिकही असतात.

प्रश्न: मी कोल्हापूरला कॉलेजला आहे. आम्ही चौघं मित्र, परीक्षेनंतर हंपी करायचं चाललंय. ट्रॅव्हल्सवाल्याने सांगितलेलं पॅकेज ऐकून गप्प बसलो. स्वतः गेलं तर कितपत जमेल? आणि नुसतं हंपी करून परत यायचं की अजून काही जोडता येईल?

उत्तर: अरे पॅकेज कशाला, तुमच्याकडून तर सरळ रेल्वेचा रस्ता आहे. मिरज, बेळगाव, हुबळी, गदग, होस्पेट, हरिप्रिया एक्सप्रेस याच मार्गाने तिरुपतीला जाते. रिझर्व्हेशन आता १२० नाही तर ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून), तेव्हा टाइमटेबल हातात पडल्या पडल्या तिकीट काढा, तत्काळच्या भानगडीत पडायलाच नको. पडायचंच झालं तर स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी अकराला उघडतं, आणि ऑनलाइनला आता आधार जोडलेलं अकाउंट लागतं, ते आदल्या रात्री जोडत बसू नका.

होस्पेटहून हंपी तेरा किलोमीटर, लोकल बस सारख्या असतात. तिकडे सायकली भाड्याने मिळतात, चौघांनी चार घ्या. विठ्ठल मंदिराचं ४० रुपयांचं तिकीट जपून ठेवा, त्याच तिकिटावर त्याच दिवशी जनाना महाल आणि कमलापूरचं म्युझियम बघता येतं, लोक ते फेकून देतात आणि पुढे जाऊन पुन्हा रांगेत उभे राहतात.

आता जोडायचं काय ते सांगतो, आणि हे मला हंपीपेक्षा जास्त आवडतं. आल्या वाटेने परत येऊ नका. होस्पेटहून गदग, तिथून गाडी बदलून बदामी, मग विजापूर, मग सोलापूर, आणि सोलापूरहून कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज करत कोल्हापूर. अख्खा गोल रेल्वेने होतो. बदामीला चार लेणी आणि तळं, बदामीहून लोकल बसने पट्टदकल, विजापूरला गोलघुमट, त्यात वरच्या सज्जात एकाने कुजबुजायचं आणि समोरच्याने ऐकायचं (शाळेच्या सहली नसतील तरच, नाहीतर नुसत्या शिट्ट्या). आणि शेवटी पंढरपूर का, तर हंपीतल्या त्या विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा तिकडे नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. इतिहास म्हणून ते किती टिकतं यावर अभ्यासक भांडू देत, पण तो रिकामा गाभारा बघून चार दिवसांनी तुम्ही पंढरपूरच्या रांगेत उभे राहिलात की त्या गोष्टीला वजन येतं. कोणत्याच पॅकेजमध्ये हे मिळणार नाही.

रेल्वेचं चक्री तिकीट असतं हे ऐकलं असेल. निघालो त्याच स्टेशनवर परत, मध्ये आठ ठिकाणी उतरायची मुभा, आणि अंतर वाढतं तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो म्हणून स्वस्त. पण तुमच्या या गोलात गदग-होस्पेट तुकडा दोनदा येतो आणि अंतरंही छोटी आहेत, त्यासाठी अर्ज-बिर्ज करत बसण्यापेक्षा बदामीनंतर सरळ जनरलची तिकिटं काढा. चक्री तिकीट कन्याकुमारी-रामेश्वर वगैरे कराल तेव्हा.

प्रश्न: माझा प्रश्न पैशाचा नाही खरंतर. वर्षातून पाच-सहा ट्रिपा होतात पण आल्यावर काही राहतच नाही, फोनमध्ये फोटो आणि तेवढंच. मालवण तीनदा झालं, तारकर्ली, स्कुबा, मासे, परत. तुमचं काय म्हणणं?

उत्तर: पैशाचा नाही म्हणता, पण स्कुबाचं बिल तीनदा भरलंत की! माझं म्हणणं असं की तुम्ही मालवणला तीनदा गेलात ते बरंच केलंत, पण तिन्ही वेळा बहुतेक डिसेंबरच्या सुट्टीत आणि त्याच किनाऱ्यावर. चौथ्यांदा किनारा सोडा आणि जत्रा धरा.

सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार, म्हणजे तिकडचं पौराणिक लोकनाट्य, असतो. तिकीट नाही, पास नाही, जाऊन बसायचं. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशी जुनी मंडळं आहेत, गावकऱ्यांना विचारलंत तर कोणाचा राजा चांगला आणि कोणाची स्त्रीपार्टी (बाईचं काम करणारा नट) चांगली यावर अर्धा तास वाद ऐकायला मिळतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं पण तुम्ही आधी जा, कारण खरी गंमत मागे आहे. नट आपला रंग स्वतःच लावतात, हातात छोटा आरसा, समोर ट्रंक, आणि मघाशी बिडी ओढत बसलेला माणूस तुमच्या डोळ्यांदेखत नऊवारी नेसून, अंबाडा घालून, कुंकू लावून उठतो तेव्हा त्याची चालसुद्धा बदललेली असते. मग पायपेटी, मृदंग, झांज, आधी गणपती, मग संकासुर राक्षस येतो आणि पोरं किंचाळतात. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरलेलं आणि बोलणं तिथल्या तिथे, त्यामुळे गावातल्या पुढाऱ्याला टोमणा बसतो तेव्हा बाहेरच्याला कळत नाही, शेजारच्याला विचारा, तो सांगेल, आणि सांगता सांगता तुमची ओळख होईल. मधल्या वेळात उठून दुकानातून खाजा घ्यायचा, चहा घ्यायचा, परत येऊन बसायचं, पहाटेपर्यंत.

तारखा तिथीवर असतात म्हणून दरवर्षी बदलतात, जिथे राहणार त्या घरच्यांना आधी फोन करून "त्या आठवड्यात जत्रा कुठे आहेत" एवढं विचारायचं. कुडाळ किंवा सावंतवाडीत राहा, समुद्र नाही म्हणून खोल्याही स्वस्त. जायला दिवा-सावंतवाडी आहे, जवळजवळ प्रत्येक स्टेशनला थांबते म्हणून लोक नावं ठेवतात, पण खिडकी मिळाली तर कोकण रेल्वे त्याच गाडीने बघावी. स्वेटर न्या, पहाटे थंडी वाजते. फोटो दोन काढा आणि फोन खिशात, समोर बसलेल्या आज्जीला तुमच्या स्क्रीनमधून नाटक बघायचं नसतं.

प्रश्न: "आत्ता फिरा, नंतर भरा" असल्या ईएमआयवर ट्रिप करावी का? ऑफिसात सगळे करतायत.

उत्तर: नको. ट्रिप संपल्यावर आठ महिने हप्ते भरताना पुढची ट्रिप कुठून करणार? हेच हप्ते आधी भरा, बँकेत सहा महिन्यांची आरडी उघडा, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापली जाईल अशी, आणि तिला नाव द्या फिरायचं खातं. आरडी संपेल तो महिना सप्टेंबर किंवा फेब्रुवारी येईल असं बघून सुरू करा, दिवाळी आणि मे सोडून, म्हणजे हातात पैसे येतील तेव्हा रूमही स्वस्त असतील. पैसे कमी जमले तर ४ किंवा ७ दिवसांचा एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आहेच, डेपोत सध्याचा दर विचारा, मात्र घरातल्या बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे त्यांच्यासाठी पास परवडतो की सुटी तिकिटं, हे कागदावर मांडूनच घ्या.