मेट आणि माची

मुलुंडच्या एका ताई सुट्टीच्या दिवशी पहाटेची कसारा लोकल पकडतात आणि गडांच्या वाटा, टाकी, घरांची जोती यांच्या नोंदी पायी फिरून करतात. त्र्यंबकजवळ एका आजींनी त्यांना ‘मेटेवरनं वर जा’ असं सांगितलं. ताईंनी वहीत ‘माची’ लिहिलं. दोन्ही एकच ना, आणि रस्त्याच्या कामावर मुकादमासारखा असतो त्या ‘मेट’शी याचं काही नातं आहे का, असं त्या विचारतात.

ताई, वहीत ‘माची’ खोडा आणि आजींचा शब्द परत लिहा.

माची हे जमिनीचं नाव आहे. मूळ संस्कृत ‘मंच’. बालेकिल्ल्याखाली डोंगराला फुटलेला सपाट पट्टा, मग त्याला तट असो वा नसो. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या तटबंदीच्या आत आहेत. प्रबळमाचीवर मात्र सरळ गाव नांदतंय. मेट हे कामाचं नाव. गडाकडे चढणारी वाट जिथे अडवता येईल अशा सोंडेवर किंवा खिंडीत पहारेकऱ्यांची वस्ती बसवायची, ते मेट. तिथे राखण करणारा तो मेटकरी. हे आडनाव आजही भेटतं. म्हणजे एखाद्या माचीवर मेट असू शकतं, पण प्रत्येक माची मेट होत नाही.

‘घेरा’ आणखी वेगळा. तो गडाभोवतीचा सगळा मुलूख. घेरा पुरंदर, घेरा सिंहगड ही गावांची नावं त्यातूनच आली. मेट ही त्या मुलखातली एक चौकी.

कामावरचा मेट इंग्रजीतून आला, त्याचा इथे संबंध नाही. ‘मेटाकुटीला येणे’ यातही चौकी नाही, थकून गुडघे टेकणं आहे.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आजी ‘मेटावरनं’ म्हणाल्या नाहीत, ‘मेटेवरनं’ म्हणाल्या. कोशातलं मेट नपुंसकलिंगी, पण ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावर ती स्त्रीलिंगी आहे. तिथल्या एका पाड्याचं नावच ‘सुपलीची मेट’, आणि गावाचं नाव मेटघर किल्ला. तोरण्याच्या पायथ्यालाही मेट पिलावरे आहे. 1818 नंतर गडांवरचे पहारे उठले, वस्त्या मात्र राहिल्या आणि त्यांनी शब्द जपला. म्हणून लिंग ‘सुधारून’ लिहू नका, ऐकलं तसंच लिहा.

नोंदणी करणारे बहुतेक जण पहिल्या दरवाजापासून मोजायला लागतात. माझ्या मते गडाचा पहारा त्याच्या बराच खाली सुरू होतो, म्हणून तुमची नोंद मेटेपासून सुरू व्हावी. तिथे उभं राहून कुठली वाट नजरेच्या टप्प्यात येते, पाणी कुठलं, जोती किती, हे लिहा. आणि त्या आजींना पुन्हा भेटाल तेव्हा आजूबाजूच्या बाकीच्या मेटांची नावं विचारून घ्या.