वाचकांचे प्रश्न : महिन्याच्या वर्गणीवरचा डॉक्टर

प्रश्न : आम्ही नवरा-बायको डॅलसला राहतो. इथल्या एका डायरेक्ट प्रायमरी केअर क्लिनिकमध्ये माणशी महिना ८० डॉलर भरले की डॉक्टरांना केव्हाही भेटता येतं. आमचा विमा हाय डिडक्टिबलचा आहे, म्हणजे आधी मोठी रक्कम खिशातून भरायची, मग विमा पैसे देतो. एचएसए, म्हणजे उपचारांच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातंही आहे. मग विमा बंद करावा का? शिवाय पुण्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येताहेत. त्यांचंही नाव घालू का?

उत्तर : विमा मुळीच बंद करू नका. वर्गणीत येतं ते रोजचं काम : ताप-खोकला, बीपी, मधुमेह, थायरॉइड, किरकोळ टाके, फोनवरचा सल्ला. इमर्जन्सी रूम, एमआरआय, ऑपरेशन यांतलं काहीच नाही. ही वर्गणी डिडक्टिबलमध्येही सहसा धरत नाहीत.

विम्यातून पैसे घेणाऱ्या फॅमिली डॉक्टरकडे अनेकदा दोन हजारांवर पेशंट असतात आणि क्लेमच्या कामाला वेगळी माणसं. वर्गणीवाला डॉक्टर साधारण ४०० ते ८०० वर थांबतो. सहाशे जणांचे ८० डॉलर म्हणजे महिन्याला ४८ हजार. भाडं, पगार सगळं त्यातून. क्लेमची कटकट नाही, म्हणून तो एकेका पेशंटला अर्धा तास देऊ शकतो. मात्र डॉक्टर एकटाच असेल तर त्याच्या रजेत कोण बघणार, ते आधीच विचारा.

पूर्वी अशी वर्गणी भरली की एचएसएमध्ये पैसे भरायला सहसा अडचण यायची. ती आता गेली. १ जानेवारी २०२६ पासून फी एकट्याला महिना १५० आणि कुटुंबाला ३०० डॉलरपर्यंत असेल, तर खात्यात पैसे भरता येतात आणि फीही त्यातून देता येते. तुमचे दोघांचे १६० बसतात. विमा एचएमओ (ठरलेल्या यादीतल्याच डॉक्टरांकडे जायचा) असेल तर मात्र घोळ होतो : स्पेशालिस्टकडे जायला त्यांच्याच यादीतल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, तुमच्या डॉक्टरची चालत नाही. 'औषधं घाऊक भावात' या जाहिरातीवरही जाऊ नका. टेक्सासमध्ये डॉक्टरने स्वतः औषध विकण्यावर कडक बंधनं आहेत. त्यापेक्षा रक्ततपासण्यांचे रोख दर लेखी मागा, बचत असते ती तिथे.

सासू-सासऱ्यांचं नाव जरूर घाला, पण वेगळ्या वर्गणीवर : चौघांचे एकत्र ३२० झाले तर एचएसएची ३०० ची मर्यादा ओलांडते. व्हिजिटर विमा जुन्या आजारांचा नेहमीचा खर्च सहसा देत नाही, आणि बीपी-साखर तर जुनीच असते. हॉस्पिटलसाठी तो विमा तरीही हवाच. पासष्टीवरच्यांना घेत नाही असं क्लिनिक म्हणालं, तर कारण बहुधा मेडिकेअरच्या, म्हणजे पासष्टीवरच्यांच्या सरकारी विम्याच्या, नियमांचं असतं. पाहुण्यांना मेडिकेअर नाही, हे स्पष्ट सांगा. किमान किती महिने भरायचे आणि नोंदणी फी किती, तेही विचारून घ्या.

निघण्यापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांकडून औषधांची जेनेरिक नावं मिलिग्रॅमसह लिहून घ्या. ग्लायकोमेट, टेल्मा ही ब्रँडची नावं इथे कुणाला कळणार नाहीत. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन कळतील. विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड यांना तर अमेरिकेत मान्यताच नाही. यांपैकी काही चालू असेल तर पर्यायी औषध ठरवायला पहिल्याच आठवड्यात वेळ घ्या, गोळ्या संपायची वाट पाहू नका.