वाचक विचारतात : तोंडात जाणारी खेळणी

प्रश्न : मुलगी दहा महिन्यांची आहे, हाताला येईल ते तोंडात घालते. घरात भातुकली, मोठ्या भावाच्या गोट्या, सागरगोटे असं बरंच आहे. काय द्यावं आणि काय उचलून ठेवावं? – एक आई, नाशिक

नजरेच्या अंदाजावर जाऊ नका, मापून ठरवा. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत एक नळकांडं वापरतात. त्याचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. ३ वर्षांखालच्या मुलांचं खेळणं, किंवा त्याचा सुटून येणारा कुठलाही तुकडा, त्यात पूर्ण मावला तर ते खेळणं नापास. असं नळकांडं घरी पाच मिनिटांत होतं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची ११ सेंमी लांब आणि ५.७ सेंमी रुंद पट्टी कापा. एका टोकापासून १ सेंमीवर रेघ मारा, दुसरं टोक बरोबर त्या रेघेला टेकवा आणि चिकटपट्टी लावा. घेर १० सेंमी झाला, म्हणजे व्यास जवळपास तेवढाच. खऱ्या नळकांड्याचा तळ तिरका असतो. आपलं सरळ असल्यामुळे थोडं जास्त कडक आहे, आणि ते चांगलंच आहे. वस्तू दाबू नका, पण आडवी-उभी सगळ्या बाजूंनी घालून बघा.

गोल वस्तूला हे माप पुरत नाही. गोल वस्तू घशात बसली की हवेला जायला फटच उरत नाही, म्हणून चेंडूचा व्यास ४४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त हवा. त्यासाठी १५ सेंमी पट्टीचं दुसरं नळकांडं करा, जोड तसाच १ सेंमीचा. गोट्या आणि सागरगोटे दोन्हीकडे नापास होतील. भातुकलीतल्या ताटल्या चालतील. चिमुकले पेले, खलबत्त्यातला बत्ता आणि लांब दांड्याचा झारा वर ठेवा. झारा नळकांड्यात मावत नाही, पण तोंडात धरून मूल पडलं तर दांडा टाळूत घुसतो. या वयाला स्वयंपाकघरातल्या एकात एक बसणाऱ्या तीन-चार स्टीलच्या वाट्या भातुकलीपेक्षा जास्त खेळवतात.

आणखी एक, न विचारलेलं पण महत्त्वाचं. गाणं वाजवणाऱ्या खेळण्यात बटणासारखा चपटा सेल असेल आणि त्याचं झाकण स्क्रूने बंद नसेल, तर ते खेळणं आजच घराबाहेर काढा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतली कातडी भाजू लागते. तेवढा वेळ वाट बघू नका, सरळ रुग्णालय गाठा.

प्रश्न : सावंतवाडीहून आणलेली लाकडी खेळणी सॅनिटायझरने पुसली तर चिकट झाली. रंग विषारी आहे का? त्यांवर आयएसआयचा शिक्काही नाही. – वाचक, ठाणे

चिकटपणा हा विषाचा पुरावा नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः अल्कोहोलच. लाखेचं खेळणं ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करावं. गरम पाण्यात बुडवू नये आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, कारण उष्णतेनेही लाख मऊ पडते.

पण सावंतवाडीच्या चितारआळीतलं प्रत्येक खेळणं लाखेचं नसतं. लाख चढते ती चरकावर (लेथवर) फिरणाऱ्या गोल वस्तूवर, घर्षणाच्या उष्णतेने. कोरून, घासून केलेली फळं ब्रशने रंगवलेली असतात. ती मांडून ठेवायची कला आहे, आणि सुंदर आहे. वर्षाच्या बाळाने चोखायला नाही. घेताना लाख की ऑइलपेंट, हे कारागिराला विचारा, तो सांगतो.

शिक्क्याबद्दल : १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंना सूट आहे. म्हणून शिक्का नसणं बेकायदा असेलच असं नाही. फक्त त्या वस्तूची चाचणी झालेली नाही असं धरून चाला आणि वर सांगितलेल्या नळकांड्यात ती घालून बघा.

प्रश्न : सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्यायचे आहेत. लाकूड कोणतं, मापं काय, रंग कोणता? – एक बाबा, सांगली

या खर्चाचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं. दीड वर्षापासून आठ-नऊ वर्षांपर्यंत पुरणारं दुसरं खेळणं सहज सापडत नाही. मात्र ठोकळ्यांचा सगळा जीव मापात आहे. जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात हवी. मग दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो, दोन आडवे रचले की उंची तिसऱ्याच्या रुंदीएवढी भरते, आणि मुलाला बेरीज हाताने कळते.

सुताराला इंचातच सांगा : जाडी सव्वा, रुंदी अडीच, लांबी पाच. असे २४ पूर्ण, अडीच इंच चौरस असे १६ अर्धे, दहा इंचांचे ८ दुप्पट. लांबीची बेरीज २० फूट. करवतीच्या प्रत्येक कापात सुमारे एक सूत (इंचाचा आठवा भाग) लाकूड जातं, त्यामुळे ४८ ठोकळ्यांत सहा इंच तिथेच गेले. शिवाय गाठी आणि चिरा सोडायच्या. म्हणून ३ बाय दीड इंचाचं लाकूड २४ फूट घ्या, म्हणजे पाऊण घनफूट.

काम बिघडतं ते दोन ठिकाणी. पट्टीवर पाच-पाच इंचाच्या खुणा आधीच ओळीने मारल्या, तर करवतीचा काप त्या पाच इंचातून जातो आणि ठोकळे कमी-जास्त होतात. यंत्राला एक अडण लावून सगळे एका मापाने कापायला सांगा. दुसरं, आधी रंधून मग कापायचं, उलट नाही. नाहीतर जाडीत अर्ध्या सुताचा फरक पडतो आणि सहाव्या ठोकळ्याला मनोरा कलतो. मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

लाकूड शिवणीचं मिळालं तर उत्तम : हलकं, कमी वाकणारं. आंब्याचं स्वस्त, पण पूर्ण वाळलेलं आणि भुंग्याची भोकं नसलेलं बघून घ्या. एमडीएफ नको, लाळेने फुगतं आणि त्यातल्या गोंदात फॉर्माल्डिहाइड हे अपायकारक रसायन असतं. पॅकिंगच्या फळ्या वापरणार असाल तर त्यांवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते सोडून द्या.

कडा किंचित गोल करा, फार नको. फार गोल केल्या तर टेकायला जागा उरत नाही. पॉलिशपेपर ८०, मग १२०, मग २२० नंबरचा. त्यानंतर ओलं फडकं फिरवा. लाकडाचे रेषे उभे राहतील. वाळल्यावर पुन्हा २२०. ही पायरी गाळली तर पहिल्या लाळेलाच ठोकळे खरखरीत होतात.

रंगाची गरज नाही. द्यायचाच असेल तर माळ्यावरचा जुना डबा उघडू नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या पिवळ्या, नारिंगी, लाल ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. खोबरेल आणि मोहरीचं तेल कधी सुकत नाही, पुढे खवट होतं. एक भाग मधमाशांचं मेण आणि चार भाग कच्चं जवसाचं तेल गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा, पातळ हात फिरवा, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा आणि दोन-तीन आठवडे वाऱ्यावर ठेवा. बाजारातलं ‘बॉइल्ड’ तेल नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

हा संच सहा ते आठ किलो भरेल. उंच कपाटात ठेवलात तर रोज निघणार नाही. जमिनीवरच्या उघड्या खोक्यात ठेवा.

प्रश्न : मुलगा दहा महिन्यांचा. सासूबाई लाकडी पांगुळगाडा आणा म्हणतात, बहीण बसायचा वॉकर देते आहे. – वाचक, पुणे

सासूबाईंचं ऐका, पण गाडा सुधारून घ्या. बसायच्या वॉकरने चालणं लवकर येत नाही. मूल टाचा न टेकता ढकलतं आणि जिना किंवा गरम भांड्यापर्यंत क्षणात पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

पांगुळगाडा मूल स्वतः उभं राहून ढकलतं. अडचण जमिनीची आहे. सारवलेल्या जमिनीवर चाकं अडायची, गुळगुळीत फरशीवर गाडा पळतो आणि मूल तोंडावर पडतं. चाकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा आणि आसाला रबरी वायसर घालून चाक जड फिरेल असं करा. पुढच्या बाजूला खाली २ किलो वाळूची पिशवी घट्ट बांधा, म्हणजे मूल दांडा धरून उठताना गाडा त्याच्यावर उलटणार नाही. दांडा तुम्ही स्वतः खाली दाबून बघा, पुढचं चाक उचललं जाता कामा नये. आणि मूल पलंगाला धरून आपणहून पावलं टाकू लागेपर्यंत गाडा बाहेर काढू नका.

प्रश्न : घरी केलेली रंगीत माती पावसाळ्यात पाणी सोडते. – वाचक, चिपळूण

मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून. प्रमाण असं : मैदा २ वाट्या, मीठ १ वाटी, पाणी २ वाट्या, तेल २ मोठे चमचे, दोन लिंबांचा रस. मंद आचेवर ढवळत, गोळा कढई सोडेपर्यंत शिजवा आणि कोमट असताना पाच मिनिटं मळा. बहुतेक जण शिजवणं अर्धवट सोडतात. चिकट झालेली माती पुन्हा दोन-तीन मिनिटं परता, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. वास किंवा ठिपके आले की टाकून द्या. कणकेची करू नका, कोंड्यामुळे भुसभुशीत होते.

तोंडात घालणाऱ्या मुलाला मात्र ही माती अजिबात नको. लिंबाएवढ्या गोळ्यात चमचाभराहून जास्त मीठ असतं. त्याला मोदकाची उकड द्या : वाटीभर पिठी, वाटीभर पाणी, चमचाभर तेल, रंगाला बिटाचा रस. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली तर दोन तास छान वळते. संध्याकाळी फेकून द्या.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी दोन वर्षांच्या नातवाला रोज खेळायला द्यावा का? – आजोबा, नागपूर

जरूर द्या. आधी गळ्यातले घुंगरू आणि टिकल्या काढा, शिंगांची टोकं घासून बोथट करा. ओढायच्या दोरीच्या टोकाला फास किंवा मणी नको, साधी गाठ पुरे. चाकाची खीळ महिन्यातून एकदा ओढून बघा. सगळ्यात आधी सुटते ती तीच, आणि ती नळकांड्यात सहज मावते.